लोण्यातला घेवडा

आत्या, रिह्याच्या फाट्यावर तुमचा फ्लेक्स लागलाय. फोटो आधार कार्डावरचा घेतलाय, त्यामुळे तुम्ही कुणावर तरी रागावल्यासारख्या दिसता, आणि फ्लेक्सवाल्यानं तुमच्या हिरव्या लुगड्याचा रंग निळा करून टाकलाय. खाली तुमचं पूर्ण नाव, गाव, जन्म, कधी गेलात, मागे कोण कोण आहे, असं सगळं आहे. शिवाय 'प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ' असंही लिहिलंय. आम्ही तुमच्या दोन्ही सुना त्या फ्लेक्ससमोर उभ्या होतो. मनमिळाऊ हा शब्द वाचून सुमनताईंनी माझ्याकडे बघितलं आणि आम्हा दोघींनाही भर रस्त्यात हसू आलं. "आत्या आन् मनमिळाऊ? कुनी लिवलं ह्ये?" असं म्हणता म्हणताच त्यांना रडू फुटलं.

तेव्हा ते सगळं तिथे आहे, ते मी पुन्हा लिहीत नाही. मला घेवड्याबद्दल लिहायचंय. आणि गॅसबद्दल.

नऊ वर्षांपूर्वी संतोषनं मला पहिल्यांदा रिह्याला तुमच्या घरी आणलं. आम्ही दोघं हिंजवडीला एकाच ऑफिसात होतो. मी अकोल्याची, मुळशी म्हणजे मला फक्त धरण माहीत. तुमच्या ओट्याला लागूनच शेळ्या-मेंढ्यांचा वाडगा, आणि मी पांढरी सलवार घालून आलेली. मामंजी माझ्याशी खूप बोलले. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. आतून ताट आलं. आंबेमोहोराचा भात, आमटी, तांदळाची भाकरी, आणि ताटाच्या कडेला घेवड्याचा एवढासा ढीग. हिरवा घेवडा, त्याला चिकटलेले तपकिरी कण आणि दाण्याची भरड. मी पहिला घास घेतला आणि कशाची चव आहे ते कळेना. तूप नव्हतं, लोणीही नव्हतं. दाण्यांचा खमंगपणा होता, पण तो नुसत्या दाण्यांचा वाटत नव्हता. आमच्याकडे भाजीवर तेलाचा तवंग दिसल्याशिवाय ती भाजी वाटत नाही. इथे तेलाचा थेंब नव्हता. मी तीनदा मागून घेतला. तिसऱ्यांदा वाढताना तुम्ही पहिल्यांदा बोललात.

"तोंडी लावणं हाय ते. भाजी न्हाई."

मला वाटलं, झालं, पहिल्याच भेटीत हावरट ठरले. पण पुढच्या वेळी आले तेव्हा तुम्ही मोठी कढई चढवली होती. आपलं नातं ठरलं ते तिथेच, असं मला आता वाटतं.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी तुमच्याकडून तो घेवडा शिकायला बसले. बसले म्हणजे फोनमध्ये लिहून घेत उभी राहिले. तुमच्या म्हशीचं, तीन दिवसांच्या सायीचं, किंचित आंबूस लोणी. लोखंडी कढई. घेवड्याच्या शिरा काढून हातानं मोडलेले तुकडे मिठाच्या पाण्यात अर्धे शिजवून निथळत ठेवलेले. दाणे सालासकट भाजून खलबत्त्यात ओबडधोबड कुटलेले. तुम्ही लोणी कढईत टाकलंत आणि पाठ फिरवून भाकरी थापायला लागलात. मी विचारलं, किती मिनिटं?

"मिनिटं तुझ्या हापिसात. हितं लोणी सांगतंया."

काय सांगतं, असं मी विचारलं. तुम्ही हातावरची भाकरी तव्यावर टाकलीत आणि म्हणालात, "आता बडबडतंया बघ. पानी हाय तवर बडबडनार. गप झालं की दानं टाकायचं. जरा उशीर केला की करपलंच."

मी कढईत बघत होते, तुम्ही बघतही नव्हता. फेस आला, चरचर वाढली, मग बारीक तडतड झाली, आणि मला काही फरक कळायच्या आत तुम्ही वळलात आणि दाण्याची भरड, ठेचलेला लसूण आणि दोन मिरच्या कढईत टाकल्यात. तळाला बेरी बसली होती, बदामी रंगाची. तूप करताना ती बेरी आपण गाळून काढतो. तुम्ही तूप होऊच द्यायचा नाहीत. लोणी आणि तूप यांच्या मध्ये एक क्षण असतो, तिथे अडवायचात. मग घेवडा, चार वेळा खालीवर, की उतरवली कढई.

मी फोनमध्ये लिहिलं, 'मध्यम आच, सात मिनिटं.' नांदे गावातल्या आमच्या फ्लॅटवर येऊन दुकानातल्या लोण्यात केला तेव्हा एकदा पांचट झाला, एकदा कडू. संतोषनं फोनवर तुम्हाला सांगितलं. तुम्ही त्याला म्हणालात, "शिकल ती. कान तयार न्हाईत अजून तिचं."

कान तयार व्हायला मला दोन वर्षं लागली. आणि झाले तेव्हा मी शहाणपणा करून त्यावर लिंबू पिळलं. तुम्ही एक घास खाल्लात आणि विचारलंत, "आंबट कशाला? घेवडा काय आजारी हाय?" तिथून आपलं लिंबाचं भांडण सुरू झालं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हणायचे, लिंबानं लोण्याचा जडपणा जातो. तुम्ही म्हणायचात, जड लागतंय तर कमी खा. माझं अजूनही तेच मत आहे, आत्या. तुम्ही गेलात म्हणून मी ते बदलणार नाही, आणि बदललेलं तुम्हाला आवडणारही नाही.

मामंजी गेल्यानंतर तीन वर्षांपूर्वी तुम्ही आमच्याकडे आलात. गुडघ्यांमुळे रिह्याच्या घराच्या पायऱ्या चढवेनात, आणि आमच्याकडे लिफ्ट होती. सुमनताईंनी म्हशीचं लोणी डब्यात भरून दर आठवड्याला पाठवायचं कबूल केलं, या अटीवर तुम्ही आलात. सहाव्या मजल्यावरून समोरचा माळ दिसायचा, शेजारच्या चांदे गावाच्या बाजूला अजून थोडी शेतं शिल्लक होती. कुणाची शेळ्यामेंढ्यांची खांडं त्यातून जायची, आणि तुम्ही गॅलरीत उभ्या राहून ती कुणाची ते सांगायचात. स्वयंपाकघर तुम्ही आठवडाभरात ताब्यात घेतलंत. माझे डबे खालच्या कप्प्यात गेले. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण सकाळी साडेसातला निघणाऱ्या बाईच्या डब्यात कुणी गरम भाकरी आणि घेवडा भरून देत असेल तर तिचा राग किती दिवस टिकणार? ऑफिसात माझा डबा उघडला की लोक खुर्च्या ओढून यायचे. मी तुमचं नाव सांगायचे, आणि मला बरं वाटायचं.

मग गेल्या वर्षी लोणी करपायला लागलं.

पहिल्यांदा करपलं तेव्हा तुम्ही स्वतःवरच चिडलात. दुसऱ्यांदा तुम्ही ते लपवून नव्यानं कढई चढवलीत, हे मला कचऱ्याच्या डब्यावरून कळलं. कुकरच्या शिट्ट्या चुकायला लागल्या. मी हाक मारली की तुम्ही ओ द्यायचा नाहीत. संतोषनं मारली की द्यायचात. आता मला लाज वाटते सांगायला, पण मी तो सासूपणा समजत होते. मुलाचं ऐकतात, सुनेचं ऐकत नाहीत. विचारलं एक, उत्तर दुसरंच, असं होऊ लागलं. मी फोनवर वाचलं. वाचून माझं निदान पक्कं झालं की आत्यांची स्मरणशक्ती जातेय. संतोष म्हणाला, आईचं वय झालंय. आम्ही दोघंही शिकलेली माणसं. तुम्हाला विचारावं हे कुणालाच सुचलं नाही.

त्या दिवशी मी घरून काम करत होते. मीटिंग चालू होती. वास आला, मग धूर दिसला. स्वयंपाकघरात आले तर कढईतलं लोणी काळं झालेलं, त्यानं पेट घ्यायचा तेवढा बाकी. तुम्ही मागच्या छोट्या बाल्कनीत निवांत घेवडा धूत होता, दार अर्धं ओढलेलं. मी गॅस बंद केला, कढई सिंकमध्ये टाकली, आणि दारात येऊन जे बोलले ते मला शब्दशः आठवतंय, कारण तेव्हा मी मोठ्यानं बोलले होते आणि तुम्हाला ते सगळं ऐकू गेलं होतं.

"आत्या, उद्यापासून गॅसला हात लावायचा नाही. घर जाळाल एक दिवस."

तुम्ही हातातला घेवडा चाळणीत ठेवलात. "बरं," म्हणालात.

मला वाटलं होतं तुम्ही भांडाल. भांडला असतात तर फार बरं झालं असतं. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही हॉलमध्ये बसायला लागलात. आम्ही स्वयंपाकाला एक बाई लावली. ती आली की तुम्ही तिला शेंगा निवडून द्यायचात, लसूण सोलून द्यायचात, आणि ती कढई चढवायला लागली की उठून बाहेर जायचात. लोण्याचा डबा रिह्याहून येत राहिला. त्या बाईनं त्याचं रीतसर तूप केलं. ताटावर ते तूप वाढलं की तुम्ही म्हणायचात, मला नगं.

दोन महिन्यांनी आपण रिह्याला गेलो होतो. तुम्ही ओट्यावर बसून तांदूळ पाखडत होता, मी अंगणात होते. वाडग्यात शेळीचं एक करडू दाव्यात मान अडकून ओरडायला लागलं. अगदी तुमच्या पाठीमागे, चार हातांवर. मला लांबून ऐकू येत होतं, आणि मी तुमच्याकडे बघत राहिले, कारण करडू ओरडलंय आणि आत्या उठल्या नाहीत असं मी कधी पाहिलंच नव्हतं. अर्ध्या झोपेतही तुम्ही आवाजावरून सांगायचात कुठल्या शेळीचं पिल्लू ते. तुम्ही सूप हलवत होता. एक खडा वेचून टाकलात. मी पळत जाऊन दावं सैल केलं, करडू आईकडे गेलं, आणि तुम्हाला त्यातलं काहीच कळलं नाही.

मी आत जाऊन सुमनताईंना विचारलं. त्यांनी चुलीवरची नजरही काढली नाही.

"त्यास्नी ऐकू न्हाई येत की. बारीक आवाज तर अजिबात न्हाई. तुमाला म्हाईत न्हाई व्हय?" मग चुलीत लाकूड सारत म्हणाल्या, "मला म्हनल्या हुत्या, धाकटीला सांगू नगंस. ती लगीच दवाखान्यात न्हेती."

म्हणजे तुम्ही काही विसरत नव्हता. लोणी गप्प झालेलं तुम्हाला कळत नव्हतं, कारण ते बोलत होतं तेच तुम्हाला ऐकू येत नव्हतं. चाळीस वर्षं जिनं कढईकडे पाठ करून स्वयंपाक केला, तिला एक दिवस कढई मुकी झाली, आणि तिनं ते कुणाला सांगितलं नाही. आणि मी तिचा गॅस काढून घेतला.

मी तुम्हाला दवाखान्यात नेलंच. आवाज ऐकू आला की बटण दाबायचं, असं त्या तपासणीवाल्या मुलीनं सांगितलं. तुम्ही काचेच्या खोलीत बसून बटण दाबत सुटलात. आवाज असो नसो. ती मुलगी गोंधळली. मी आत येऊन विचारलं, तर तुम्ही हळूच म्हणालात, नापास व्हायचं नव्हतं. पुन्हा तपासणी झाली. डॉक्टरांनी सांगितलं, वयानं आधी बारीक आणि उंच आवाज जातात. पाखरांचे, शिट्ट्यांचे, बायकांच्या बोलण्यातली अक्षरं. पुरुषांचे जाड आवाज त्या मानानं बरे राहतात. संतोषच्या हाकेचं कोडं मला तिथे, त्या खुर्चीत उलगडलं.

कानाचं यंत्र लागणार होतं, ते घेतलं. तुम्ही ते हातात घेऊन उलटंसुलटं बघितलंत आणि विचारलंत, "शेळीच्या कानात बिल्ला मारत्यात तसा मारतीस व्हय मला?"

आणि मग मी ती गोष्ट केली जिच्यासाठी खरं तर हे लिहायला बसले. घरी आल्यावर मी तुमची माफी मागायला हवी होती आणि लायटर तुमच्या हातात द्यायला हवा होता. मी म्हणाले, "यंत्र घाला, मग गॅस तुमचा."

मला तो शहाणपणाचा सौदा वाटला होता. तुमच्याच भल्याचा. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, अजिबात राग न धरता, आणि म्हणालात, "मग ऱ्हाऊ दे."

चार महिने यंत्र डबीत राहिलं. मी हट्टानं विषय काढायचे, तुम्ही हट्टानं टाळायचात. संतोष मध्ये पडला की आपण दोघी मिळून त्याला गप्प करायचो. एकदा मी चिडून विचारलं की तुम्हाला आमचं बोलणं ऐकावंसं वाटत नाही का. तुम्ही म्हणालात, "तू काय बोलनार ते मला तोंडावरनं कळतंया." तेही खरंच होतं. पण मला ते लागलं. मी रुसले, आणि तुम्हाला माझं रुसणंही तोंडावरूनच कळलं असणार.

तो रविवार मात्र तुम्ही दिलात मला. स्वयंपाकाची बाई आली नव्हती. मीच घेवडा करायला घेतला होता, कढई चढवली होती, लोणी वितळत होतं. तुम्ही उठून आत आलात. माझ्या शेजारी उभ्या राहिलात आणि माझ्या कोपराला धरलंत. तुमचा हात थंड होता. कढईकडे बघत विचारलंत,

"गप झालं का?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी मान हलवली, अजून नाही. तुम्ही वाट बघितलीत.

"आता?"

"नाही."

"आता?"

चरचर खाली बसली होती. मी तुमच्याकडे तोंड करून म्हणाले, "झालं." आणि तुम्ही डाव्या हातानं माझं कोपर धरून उजव्यानं भरड टाकलीत, लसूण टाकलात, उलथनं माझ्या हातातून घेतलंत. मी बाजूला सरकले तशी तुम्ही मला परत ओढून जवळ घेतलंत. "हितंच ऱ्हा," म्हणालात. घेवडा तुम्ही परतलात. बेरी बदामी झाली होती, करपली नव्हती. संतोषनं पहिला घास खाऊन दोघींकडे बघितलं आणि एकदम उठून बाहेर गेला. जेवण टाकून उठायची त्याला सवय नाही. गॅलरीत जाऊन तो बराच वेळ उभा होता.

असे पाच रविवार झाले. कानाचं काम माझं, हाताचं तुमचं. त्या पाच रविवारांबद्दल मी तुमची जन्मभर ऋणी राहीन, कारण खरं तर पहिलं पाऊल मी टाकायला हवं होतं. चूक माझी होती आणि उठून आलात तुम्ही. अट मी घातली होती, ती तुम्ही मोडली नाहीत, मानलीही नाहीत. तिच्या शेजारून वाट काढलीत. मला ते जमलं नसतं. चौथ्या रविवारी तुम्ही मला म्हणालात, "तुजं कान तयार झालं." त्यावर मी हसले. तेव्हा माफी मागायला जागा होती, वेळही होता. मी विचार केला, चाललंय ना छान, कशाला उगाच उकरायचं.

भात झोडून झाला त्या आठवड्यात तुम्हाला खोकला सुरू झाला. छातीत भरलं. दवाखान्यात पाच दिवस होता. चौथ्या दिवशी दुपारी मी एकटी तुमच्याजवळ होते. तुमच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, डोळे उघडे, माझ्यावर लावलेले. शेजारच्या पलंगावर एक आजी, तिच्याजवळ तिचे दोन मुलगे. मी खाली वाकले, अगदी तुमच्या कानाशी, आणि म्हणाले, "आत्या, माझं चुकलं. मी तुमचा गॅस काढून घ्यायला नको होता."

तुम्ही मास्क जरा सरकवलात. "काय?"

मोठ्यानं बोलावं लागलं असतं. शेजारचे दोघं बघत होते. मी पुन्हा वाकले, पण तेच वाक्य तेवढ्या लोकांत ओरडून सांगायची मला लाज वाटली. कानाशी बोलले होते, तेव्हा माझं तोंडही तुम्हाला दिसलं नव्हतं.

"काही नाही," मी सरळ होत म्हणाले. "पाणी हवं का?"

तुम्ही मान हलवलीत. मी चमच्यानं पाणी पाजलं. तुम्ही दोन चमचे घेतलेत आणि मला हातानं खुर्ची दाखवलीत. बस, हुबी का. तुम्ही माझ्याशी केलेलं शेवटचं बोलणं ते. दुसऱ्या दिवशी पहाटे संतोष तुमच्याजवळ होता.

मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. तेराव्याच्या आदल्या दिवशी रिह्याला सुमनताईंबरोबर घेवडा निवडत बसले होते. तुमच्या पानावर काय वाढायचं यावर वाद झालाच नाही. निवडता निवडता मी सगळं बोलले. दवाखान्यातलंही. सुमनताईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्या रागाला धरून बसनाऱ्या असत्या तर तुमच्या कडंला येऊन हुब्या ऱ्हायल्या असत्या का?" आणि थोड्या वेळानं, "पन बोलायला पायजे हुतं तुमी." सुमनताई तशाच आहेत, तुमच्याच हाताखाली तयार झालेल्या. एका हातानं धीर देतात आणि दुसऱ्या हातानं खरं सांगतात. मला दोन्ही पटलं.

तेराव्याला माझे बाबा अकोल्याहून आले होते. आई गेल्यापासून ते तिकडे एकटेच असतात. जेवणाच्या पंगतीत ते थोरल्या दिरांच्या शेजारी होते. दिरांनी विचारलं, प्रवास कसा झाला, त्रास नाही ना झाला? बाबा म्हणाले, "हो, घेवडा लय चांगला झाला." लोक हसले, बाबाही हसले, त्यांना वाटलं काहीतरी विनोद झाला. माझ्या हातात वाढायची परात होती. ती मी तिथेच खाली ठेवली.

दोन वर्षं ते फोनवर म्हणत होते, आवाज नीट येत नाही. मी दोनदा त्यांचा फोन बदलून दिला होता.

पंगत उठल्यावर मी त्यांना अंगणात खुर्चीवर बसवलं, समोर स्वतः बसले आणि सावकाश विचारलं, "बाबा, तुम्हाला ऐकू कमी येतं का?" ते आधी इकडेतिकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुले कोनं सांगतलं?" कुणी नाही, म्हटलं. मग एकदम लहान आवाजात म्हणाले, "दोन सालापासून कमी येते, बाई. म्हटलं, सांगतलं तं तू मले एकटं राहू देशीन नाही." मी त्यांचा हात धरून म्हणाले की अकोल्याला राहायचं की नाही ते तुम्हीच ठरवायचं. तपासणीला जायचं का, तेही. मला फक्त विचारायचं होतं. त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट बघितलं, मी खरं बोलतेय का ते पाहायला असेल.

आता ते आमच्याकडे नांद्याला आहेत, आठ दिवस राहतो म्हणालेत. तपासणीचं अजून हो म्हणालेले नाहीत. मी परत विषय काढलेला नाही, आत्या, आणि हे माझ्यासाठी किती कठीण आहे ते तुम्हाला माहीत आहे.

आज सकाळी मी चहाला पातेलं चढवत होते तेव्हा बाबा स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "चहा मी टाकू काय?" मी बाजूला झाले आणि हॉलमध्ये येऊन बसले. पेपर हातात धरला, वाचला नाही. चहा उतू गेला. बर्नर विझल्याचाही मला आवाज आला, तशी मी उठले, आत जाऊन साखरेचा डबा घ्यायच्या निमित्तानं गॅसचा खटका बंद केला आणि बाहेर आले. बाबांनी दोन कप भरून आणले, बशीत अर्धा चहा सांडलेला. आम्ही तो प्यायलो. छान झालाय म्हटलं, आणि तो खरंच छान झाला होता. ते आंघोळीला गेल्यावर मी ओटा पुसून घेतला.